तीन मण गूळ आणि तात्या

नारायणगडाच्या अर्ध्या चढावर तात्या खाली बसले आणि उठले नाहीत, तेव्हा गूळ वर पोचला होता.

तीन मण गूळ. आठ गडी ढेपा डोक्यावर घेऊन पुढे गेले होते. वर तराजू टांगलेला, पुजारी हळदकुंकू घेऊन उभे, आणि ज्यांना पारड्यात बसायचं ते तात्या खाली लिंबाच्या झाडाला टेकून तोंडाने श्वास घेत होते. ओठ जांभळट पडले होते. मोठी आई पदराने वारा घालत होती. तिचा हात थांबत नव्हता.

तात्या म्हणजे माझे थोरले काका, आप्पाराव. आमच्या गावचे माली पाटील, म्हणजे सारावसुली बघणारे. मोठी आई म्हणजे त्यांची बायको, बायनाबाई. त्यांना मूलबाळ नाही. माझे वडील धाकटे. ते बीडला कचेरीत कारकून, म्हणून आम्ही बीडला राहायचो आणि मी तिथल्या मुलींच्या शाळेत जायचे. शाळेला सुट्टी जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची. आदल्या दिवशी, जुमेरातीला, संध्याकाळी दमणी जुंपायची आणि तीन कोसांवर गावी जायचं, हा आमचा नेम. म्हणून पुढचं सगळं मी आठवड्यातून एकदा पाहिलेलं आहे. रोज पाहणाऱ्याला जे दिसत नाही ते आठवड्याने येणाऱ्याला बरोबर दिसतं.

नवस दोन वर्षांपूर्वीचा. तात्यांना ताप आला तो एकवीस दिवस उतरला नाही. बाजेवर नुसती हाडं उरली होती. मोठी आईने गडाच्या दिशेला हात जोडले आणि बोलली, माणूस उठू दे, त्याच्या पायांनी त्याला गडावर आणीन आणि त्याच्या भाराचा गूळ वाहीन. तात्या उठले. आता हाडांच्या सापळ्याएवढा गूळ देवाला कसा न्यायचा? तिला ते बरं वाटेना. शिवाय तिचे भाऊ विठ्ठलराव, पाटोद्याचे, त्यांची तुला नुकतीच अडीच मणांची झाली होती आणि ती गोष्ट ते प्रत्येक पंगतीत सांगत. मग सकाळी शिरा, त्यावर तुपाची धार, दुपारी पुरण, झोपताना तांब्याभर आटीव दूध. दीड वर्षात तात्या तीन मणांचे झाले. घरात सगळ्यांना त्याचा अभिमान होता. मीही शाळेत सांगितलं होतं.

आणि ज्या पायांनी वर जायचं, ते पाय अर्ध्यातच थांबले.

गूळ गाडीतून परत आला. वाटेत लोक विचारत, झाली का पाटील तुला? तात्या गाडीत डोळे मिटून पडले होते. मोठी आई प्रत्येकाला सांगत होती की मुहूर्त टळला.

बीडचे हकीमसाहेब आले. त्यांनी नाडी पाहिली, पायाला बोट दाबून पाहिलं, खड्डा किती वेळ राहतो ते मोजलं. मग म्हणाले, "पाटीलसाब, जितना साल में चढाया, उतना साल में उतारो. जल्दी नको." छातीवर एवढं ओझं घेऊन पुन्हा चढ चढले तर वरच्या वर जातील, असंही त्यांनी सांगितलं, पण ते माझ्या वडिलांना बाजूला घेऊन. मी दाराआड होते. मोठी आईही होती. तिने माझा हात धरला होता आणि तो सोडायला ती विसरली.

हकीमसाहेबांनी दवा दिली नाही. दोनच गोष्टी सांगितल्या. पोटाला उपाशी ठेवायचं नाही, पण तूप, गूळ, आटीव दूध बंद. आणि रोज चालायचं, पण असं की चालता चालता बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की थांबायचं.

हे ऐकायला सोपं होतं. अडचणी दुसऱ्या दिवसापासून सुरू झाल्या.

पहिली अडचण तात्या स्वतः. त्याच आठवड्यात विठ्ठलराव मेव्हण्याची चौकशी करायला आले आणि जाताना म्हणाले, "मेव्हणे, पुढल्या साली दोन गाड्या सांगा. एक गुळाला, एक तुमाला." तात्या हसले. त्याच रात्रीपासून त्यांनी जेवण सोडलं. नुसतं पाणी. मोठी आईने विनवलं तर म्हणाले, महिन्यात उतरवतो की नाही बघ. चौथ्या दिवशी चावडीत वसुलीचा कागद वाचता वाचता ते बाजूला कलले. हकीमसाहेब परत आले आणि या वेळी त्यांनी आवाज चढवला. हा माणूस अंगातलं ओझं उतरवतोय की जीव, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. तेव्हापासून तिन्ही वेळा जेवण ठरलं. सकाळी भाकरी आणि ताक. दुपारी दीड भाकरी, चुका नाहीतर चाकवताची भाजी, मटकी किंवा हुलगे, वर मुळा, काकडी, जे असेल ते. संध्याकाळी दिवे लागायच्या आत एक भाकरी आणि वरण. पहिले आठ दिवस तात्या उरलेल्या अर्ध्या भाकरीकडे अशा नजरेने बघायचे की आम्हाला ओशाळं वाटे.

दुसरी अडचण मी शोधली. खाणं एवढं कमी करूनही पहिल्या महिन्यात काही फरक दिसेना. अंगणातल्या लिंबाला कापूस जोखायचा मोठा तराजू टांगलेला असायचा, त्यावर महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला तात्यांना बसवायचं असं मी ठरवून घेतलं होतं. बसवलं. तीन मण. काटा सरळ. मग दुसऱ्या जुम्म्याला मी दिवसभर वाड्याच्या दारालगतच्या ढेलजेत बसून राहिले आणि पाटीलकी म्हणजे काय ते पाहिलं. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी गूळ-पाणी. आणि घरधन्याने पाहुण्याबरोबर तोंड गोड करायचं, नाहीतर येणाऱ्याचा मान जातो. त्या एका दिवशी चौदा माणसं आली. बांधाची भांडणं, बैलाची चोरी, सोयरीक, आणि एक नुसताच रस्त्याने चाललेला. चौदा वेळा तात्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. चौदावा खडा टाकला तेव्हा मी त्यांना चौदा मोजून दाखवले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते म्हणाले, "ते काय खाणं हाय व्हय? ती तर रीत हाय."

रीत मोडायची नव्हती. मी सुचवलं की पाहुण्याला गूळ द्यायचा आणि आपण बडीशेपेचा एक दाणा टाकायचा. पाहुणा आपल्या खड्याकडे बघतो, आपल्या तोंडाकडे नाही. तात्यांनी तसं केलं. एकाच्याही लक्षात आलं नाही. याचं मला फार कौतुक वाटलं आणि मी ते शाळेत सांगितलं.

तिसरी अडचण चालण्याची. पाटील पायी चालत नाही. पाटलाची घोडी असते. तात्या पहिल्या दिवशी सकाळी पायी निघाले तर वेशीपर्यंत तिघांनी विचारलं, पाटील, घोडीला काय झालं? चौथा तर घोडी विकली असं समजून किंमत विचारायला घरी आला. त्यात पाटील चालणार म्हणजे झपाझपा चालणार, हळू चाललं तर लोक आजारी म्हणतील. ओढ्यापर्यंत जाऊन ते धापा टाकत परत आले आणि उद्यापासून नाही म्हणाले.

यातून वाट काढली आश्रुबाने. आश्रुबा धनगर, त्याची साठ-सत्तर मेंढरं आमच्या पडीक रानात चरायची. तो ताक मागायला आला होता, त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "पाटील, माझ्यासंगं या. कोन विचारलं तर म्हना, चराई बघाया निगालोय." यात कुणाला काही विचारायला जागाच नव्हती. पाटलाने चराईची पाहणी करायची नाही तर कुणी करायची?

मेंढरं कशी चालतात ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. दहा पावलं टाकतात, थांबतात, दोन घास ओरबाडतात, परत दहा पावलं. घाई करता येत नाही. पुढे पळालात तर कळप मागे राहतो आणि तुम्ही एकटेच रानात उभे. तात्यांना त्या चालीने चालायला लागलं. पहिल्या दिवशी ओढ्याच्या अलीकडे. महिन्याने ओढ्याच्या पलीकडे. पावसाळ्याच्या आधी टेकडीच्या पायथ्यापर्यंत. जुम्म्याला मी बरोबर असायचे, आणि बोलणं तुटतं का ते बघायचं काम माझ्याकडे. मी त्यांना गिरदावरसाहेबांच्या घोडीची गोष्ट सांगायला लावायचे. बांधाच्या भांडणात मोजणी करायला आलेल्या साहेबाची घोडी ऐन ओढ्यात बसकण मारते आणि साहेब टोपीसकट पाण्यात, अशी ती गोष्ट. तात्या ती जशी सांगतात तशी सांगायला पुरा अर्धा तास लागतो. त्यात दोन्हीकडचे वकील येतात, घोडीची आई येते. पहिल्या महिन्यात साहेब गावात पोचायच्या आतच तात्यांचा दम तुटायचा आणि आम्ही बांधावर बसायचो. आश्रुबाने ती गोष्ट इतक्यांदा ऐकली की घोडी बसायच्या जागी तो स्वतःच हात वर करायचा.

तीन मण म्हणजे एकशेवीस शेर; चार महिन्यांत त्यातले आठ शेर उतरले. तात्या जोड्यात पाय घालताना स्वतः वाकायला लागले. झोपेत घोरणं कमी झालं, असं मोठी आई म्हणाली, पण ते सांगताना तिचा चेहरा सुतकी होता.

पाचव्या महिन्यात तराजूने उलटं सांगितलं. एक शेर वर. दगड बदलून पाहिले, दोरी पाहिली. तात्या माझ्याकडे बघून म्हणाले की मी बडीशेपच खातोय, देवाशप्पथ. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, कारण ते खोटं बोलले की उजवी मिशी ओढतात, आणि तेव्हा दोन्ही हात मांडीवर होते.

त्या दुपारी मी चुलीपुढे बसले. मोठी आई भाकरी थापत होती. थापली, तव्यावर टाकली, फुगली, काढली. मग तिने माझ्याकडे पाठ केली, भाकरीचा पापुद्रा उचलला, आत तुपाची वाटी उलटी केली आणि पापुद्रा परत दाबून टाकला. वरून काही दिसत नव्हतं. भाकरी ताटात पडली आणि बाहेर गेली.

मी तिला विचारलं. ओरडले नाही, विचारलं. ती आधी म्हणाली की तूप न्हवतं, पाणी होतं. मग परातीतलं पीठ उगाच गोळा करत बसली. पहिल्या दिवशी हकीमसाहेब काय म्हणाले ते तू माझा हात धरून ऐकलंस, असं मी म्हणाले. त्यावर ती बोलली. तिचा आवाज इतका खाली होता की चुलीचा आवाज त्यापेक्षा मोठा होता.

"त्येनं मला अख्खा मानूस दिला, शिवकन्ये. तीन मनाचा करून ठिवला मी. आता त्यातला कापून कमी करून नेऊ, अन् वर जाऊन म्हनू, हे घे तुजं? त्येनं तेवडाच माघारी मागितला तर?"

मग माझ्या ध्यानात आलं की ती इतके दिवस दोन्ही बाजूंनी घाबरलेली होती. तात्या जड राहिले तर चढावर जातील. हलके झाले तर नवस उणा पडला म्हणून देव नेईल. तिला दोन्हीकडून तात्याच जाताना दिसत होते, आणि मधल्या मधे तिला करता येण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे भाकरीत तूप.

शाळेत आम्हाला त्रैराशिक शिकवत होते, पण इथे तेवढंही लागलं नाही. मी म्हणाले, तीन मणांचा गूळ देवाचा, हे ठरलं ना? मग आजवर उतरले त्या सात शेरांचा गूळ आधी, आणि पुढे तात्या जेवढे शेर उतरतील तेवढा दर महिन्याला तू वेगळा रांजणात टाक. गडावर जाताना रांजण बरोबर. देवाचं काही कमी होत नाही.

तिने परात बाजूला सारली. मग तिने विचारलं, रांजण कोरा लागेल का? मी म्हणाले, कोराच घेऊ.

त्या दिवसापासून वजनाच्या दिवशी सगळ्यांत आधी तराजूपाशी मोठी आई. दगड तीच लावायची. काटा हलत असताना कुणी बोललं तर त्याला हाताने गप्प करायची. दोन शेर उतरले की दोन शेर गूळ रांजणात, वर फडकं, फडक्यावर दोरी. एका महिन्यात एकच शेर उतरला तर तात्यांनाच झापलं, नागपंचमीला लाह्यांचे किती लाडू खाल्ले म्हणून. एकच खाल्ला म्हणताना तात्यांनी उजवी मिशी ओढली.

कार्तिकात परत गडावर गेलो. तात्या दोन मण बावीस शेर. रांजणात अठरा शेर.

विठ्ठलराव आधीच येऊन बसले होते. त्यांनी पायथ्याशी तात्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बहिणीला म्हणाले, बाई, ह्यास्नी उपाशी मारतीस का काय?  मोठी आई तात्यांच्या पायांकडे बघत होती.

आश्रुबा पुढे चालला, मेंढरांशिवाय, पण चाल तीच ठेवून. दहा पावलं, थांबा. परत दहा पावलं. मागून येणारी माणसं आम्हाला ओलांडून जात होती आणि तात्यांनी त्यांना जाऊ दिलं. मी म्हणाले, तात्या, घोडीची गोष्ट. त्यांनी सुरुवात केली. पहिल्या वळणावर दोन्हीकडचे वकील आले. मोठी आई माझ्या बाजूला होती. तिची नजर पायांवरून निघून आता तात्यांच्या तोंडावर होती, आणि तात्या जरा थांबून शब्द शोधत असले तरी ती जागच्या जागी उभी राहायची.

लिंबाचं झाड आलं. गेल्या साली जिथे टेकून बसले होते ते. मोठी आईने पदर सावरून हातात घेतला. तात्या तेव्हा घोडीच्या आईपर्यंत आले होते. ती कुठल्या बाजारातून आणली, कुणी आणली, तिला डावीकडे वळायची कशी खोड होती, हे सगळं सांगत ते झाडावरून पुढे गेले. झाडाकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला वाटतं पाहिलं असावं. वर पोचलो तेव्हा गिरदावरसाहेब अजून पाण्यात पडायचे होते.

पारड्यात तात्या बसले. समोरच्या पारड्यात ढेपा चढू लागल्या. एक मण, दोन मण, अडीच. वर दोन शेर टाकले आणि दांडी सरळ झाली. पुजारी हळदकुंकू लावायला पुढे आले, तेवढ्यात मोठी आईने रांजणाची दोरी सोडली आणि आतला गूळ खडा खडा करून त्याच पारड्यात ओतायला लागली. पारडं खाली जाऊन जमिनीला टेकलं. तात्या वर गेले. पाय लोंबकळत होते आणि एक जोडा खाली पडला. जमलेली माणसं हसायला लागली. विठ्ठलराव म्हणाले, "मेव्हणे, चांगलेच उडालात की."

पुजाऱ्यांनी शांतपणे सांगितलं की दांडी सरळ झाल्याशिवाय तुला होत नाही. कुणीतरी म्हणालं, पाटलाच्या पारड्यात दगड टाका. विठ्ठलरावांनी एक उचललाही. बाकीचं मोठी आईने ठरवायचं होतं. ती पारड्याला धरून उभी होती. तात्या वरून तिच्याकडे बघत होते. त्यांचा श्वास सरळ चालला होता. एवढा चढ चढून आलेल्या माणसाचा वाटत नव्हता. तोंड मिटलेलं होतं.

"दगुड कावून?" ती भावाला म्हणाली. "माजा मानूस दगडाचा न्हाई."

आणि तिने स्वतःच्या हाताने गूळ काढायला सुरुवात केली. पहिला खडा आश्रुबाला दिला. त्याने तो दोन्ही हातांत घेतला. मग गडावर आलेल्या ज्याच्या त्याच्या हातात, पोरांच्या, बायकांच्या, ढेपा वाहून आणणाऱ्या आठ गड्यांच्या. विठ्ठलरावांना दगड खाली ठेवून हात पुढे करावा लागला. ती घाई करत नव्हती. प्रत्येक खड्यासरशी तात्या बोटभर खाली येत होते. अठरा शेर वाटून झाले तेव्हा दांडी सरळ झाली. तिने ती वाकून, डोळा लावून पाहिली, जशी अंगणात पाहायची तशी. मग पुजाऱ्यांना म्हणाली, लावा कुंकू.

उतरताना तात्यांनी घोडीची गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुढे सुरू केली. साहेब टोपीसकट ओढ्यात पडले, आश्रुबाने हात वर केला. लिंबाच्या झाडाखाली आम्ही टेकलो, नुसतं पाणी प्यायला. मोठी आईच्या ओच्यात प्रसादाचा एक खडा राहिला होता. तात्यांनी हात पुढे केला.

तिने खडा काढला, दाताने अर्धा तोडला, त्या अर्ध्याकडे बघितलं, परत अर्धा केला आणि तेवढा त्यांच्या हातावर ठेवला.